२^१२७ − १ ही मूळ संख्या स्वतः पडताळताना : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

२^१२७ − १ ही संख्या मूळ आहे हे फ्रेंच गणिती एद्वार ल्युका याने १८७६ साली दाखवले. तेच काम कोणत्याही तयार गणिती संचाची मदत न घेता, स्वतः लिहिलेल्या बेरीज-गुणाकारांवर करून पाहायचे असे ठरवले आहे. संख्या अशी आहे :

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकूण ३९ अंक. द्विमान पद्धतीत लिहिली तर सलग १२७ वेळा १.

पहिला विचार अर्थातच भागून पाहण्याचा होता. या संख्येला मूळ विभाजक असलाच तर तो २५४k + १ या रूपाचा असला पाहिजे आणि ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. ऑयलरने १७७२ मध्ये २^३१ − १ चा निकाल याच प्रकारच्या गाळणीने लावला. तिथे वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास असल्यामुळे गाळणीनंतर केवळ ८४ मूळ संख्यांनी भागून पाहणे उरले. इथे वर्गमूळच १.३ × १०^१९ एवढे आहे. दोन्ही अटी लावूनही अडीच कोटी अब्जांपेक्षा अधिक उमेदवार उरतात, आणि सेकंदाला एक कोटी भागाकार केले तरी ८० वर्षे लागतील. हा मार्ग अर्ध्या तासात सोडला. त्यामुळे ल्युका–लेहमर कसोटी घ्यायची.

५ जानेवारी

प्रोग्रॅमला हात लावण्याआधी कसोटी कागदावर करून पाहिली. कृती सोपी आहे : ४ पासून सुरुवात करायची, प्रत्येक पायरीला वर्ग करून २ वजा करायचे, आणि २^p − १ ने (p हा तपासायचा घातांक) भागून बाकी पुढे न्यायची. अशा p − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

p = ७ घेतले, म्हणजे भाजक १२७. पाच पायऱ्या : ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटची पायरी तपशिलात लिहून ठेवते, कारण पुढे तिचा फार उपयोग झाला : १११ चा वर्ग १२,३२१, वजा २ म्हणजे १२,३१९, आणि १२७ × ९७ बरोबर तेवढेच.

p = ११ साठी २,०४७ (म्हणजे २३ × ८९) घेऊन नऊ पायऱ्या केल्या : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून संयुक्त. या दोन माळा भिंतीवर चिकटवून ठेवल्या आहेत. हेच काम करायला घेणाऱ्याने त्या स्वतःच्या हाताने एकदा काढाव्यात. नुसत्या उतरवून घेतल्या तर पुढे प्रोग्रॅम चुकल्यावर नेमके कुठे बोट ठेवायचे ते कळत नाही.

७ जानेवारी

प्रोग्रॅमची रचना : संख्या ३२ बिटांच्या (बिट म्हणजे द्विमान पद्धतीतला एक अंक, ० किंवा १) खणांमध्ये ठेवायची, म्हणजे १२७ बिटांसाठी चार खण पुरतात. गुणाकार शाळेतल्यासारखा, खणाला खण गुणून आणि हातचा पुढे नेऊन. भागाकाराची गरजच नाही, कारण २^p भागिले २^p − १ ची बाकी १ असते. त्यामुळे वर्गाचे p बिटांपलीकडचे वरचे तुकडे कापून खालच्या तुकड्यात मिळवले की झाले. याला मी पुढे ‘घडी घालणे’ म्हणणार आहे.

इथे एक अनाठायी शहाणपणा केला. ल्युकाने १२७ साठी ४ ऐवजी ३ पासून सुरुवात केली होती. माझे लक्ष्यही १२७ च, म्हणून मीही प्रोग्रॅममध्ये ३ घातले. p = ३, ७, १९, ३१ या चारही ठिकाणी शून्य आले. p = ५, १३ आणि १७ मात्र संयुक्त ठरले! ३१, ८१९१ आणि १,३१,०७१ या मूळ संख्या आहेत यात वाद नाही, तेव्हा मी सरळ गुणाकारावर संशय घेतला.

१० जानेवारी

तीन संध्याकाळी वाया गेल्या. गुणाकार दोनदा नव्याने लिहिला, हातच्याची प्रत्येक ओळ तपासली, आणि निकाल तसूभरही बदलला नाही. शेवटी p = ५ कागदावर घेतले : ३, ७, १६, ६. तीन पायऱ्यांनंतर ६, शून्य नाहीच. म्हणजे प्रोग्रॅमचा गुणाकार बरोबर होता आणि माझी सुरुवात चुकीची होती.

चुकलेले घातांक ५, १३, १७ यांना ४ ने भागले तर बाकी १ उरते. उत्तीर्ण झालेल्या ३, ७, १९, ३१ यांची बाकी ३ आहे. ३ पासून निघणारी माळ ५ च्या वर्गमुळावर उभी असते, आणि कसोटीला ते वर्गमूळ त्या भाजकाच्या बाक्यांमध्ये सापडू नये अशी गरज असते. घातांकाची बाकी १ असली की २^p − १ ला ५ ने भागून बाकी १ उरते, ५ चे वर्गमूळ बाक्यांमध्येच मिळते आणि शून्य कधीच येत नाही, संख्या कितीही मूळ असो. १२७ ची बाकी ३ असल्यामुळे ल्युकाला ३ चालले. ४ ही सुरुवात सर्व विषम मूळ घातांकांना चालते. प्रोग्रॅममध्ये एक अंक बदलला आणि तिन्ही संख्या मूळ ठरल्या.

धडे देण्याच्या भरात पडत नाही, पण एवढे नोंदवते की चुकलेल्या उत्तरांची यादी ४ च्या बाकीप्रमाणे लावायला मला पाच मिनिटे लागली आणि ती सुचायला तीन दिवस.

११ जानेवारी

आज वजाबाकीची पायरी सुधारायला घेतली आणि सगळेच बिघडले. घडी घातल्यावर बाकी ० किंवा १ असेल तर २ वजा करताना ऋण संख्या येते. ते टाळायला २ वजा करण्याऐवजी (२^p − १) − २ मिळवावे, असा बदल केला. त्यानंतर एकही संख्या मूळ निघेना.

p = ७ ची शेवटची पायरी बिट मांडून पाहिली. १२,३२१ म्हणजे वरचे सात बिट ११००००० (९६) आणि खालचे सात ०१००००१ (३३). बेरीज १२९, पुन्हा घडी घातली की २. आता २ वजा केले असते तर शून्य. मी मिळवले १२५, आणि झाले १२७, म्हणजे बरोबर सात वेळा १ : १११११११. भाजकाच्या दृष्टीने १२७ आणि ० एकच. पण १११११११ ला कितीही घड्या घाला, ती तशीच राहते, कारण सातव्या बिटापलीकडे कापायला काही उरलेलेच नसते. शून्याची ही दोन रूपे आहेत, आणि माझी तपासणी एकच रूप ओळखत होती. सगळे बिट १ असतील तर शून्य करायचे, अशी एक ओळ वाढवली. सव्वा तास.

१४ जानेवारी

p = ३१ पर्यंत सर्व ठीक; p = ६१ वर प्रोग्रॅम ‘संयुक्त’ म्हणतो. २^p − १ मूळ ठरवणाऱ्या घातांकांची जी यादी फ्रेंच विद्वान मर्सेनने १६४४ मध्ये दिली, तिच्यात ६१ नव्हताच, त्यामुळे क्षणभर वाटले की यंत्र त्याची बाजू घेत आहे. पण इव्हान पेर्वुशिन याने १८८३ मध्ये २^६१ − १ मूळ असल्याचे दाखवले, आणि मर्सेनच्या यादीतून ६१, ८९ आणि १०७ सुटले होते हे आज सर्वश्रुत आहे.

दोष साठवणीच्या प्रकारात सापडला. दोन खणांचा गुणाकार मी ६४ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात ठेवत होते. ३१ पर्यंत प्रत्येक खण २^३१ पेक्षा लहान राहतो, गुणाकार २^६२ च्या आत बसतो आणि दोष झाकलेला राहतो. ६१ ला खालचा खण पहिल्यांदाच पूर्ण ३२ बिटांनी भरला, गुणाकार २^६३ ओलांडून गेला, यंत्राने त्याला ऋण संख्या मानले आणि हातचा काढण्यासाठी उजवीकडे सरकवताना डावीकडून शून्यांऐवजी १ भरले. चिन्हरहित प्रकार घेतल्यावर दोष गेला. त्यातही जागा अगदी काठोकाठ आहे : सर्वांत मोठा गुणाकार, त्यात आधीचा खण आणि आलेला हातचा मिळवला तर बेरीज बरोबर २^६४ − १ होते. एक जरी अधिक असता तरी सांडले असते.

छोट्या उदाहरणांवर उत्तीर्ण झालेल्या प्रोग्रॅमवर मी विश्वास टाकला होता. खण पूर्ण भरेल एवढे मोठे उदाहरण पहिल्याच दिवशी घ्यायला हवे होते.

१७ जानेवारी

६१, ८९, १०७ तिन्ही मूळ ठरले. उलट बाजूने खात्री म्हणून p = ६७ दिले. मर्सेनच्या यादीत हा घातांक होता. ल्युकाने १८७६ मध्येच तो चुकीचा असल्याचे दाखवले होते. माझ्या प्रोग्रॅमने उत्तर दिले : मूळ.

१८ जानेवारी

p = ११ देऊन पाहिले. पडद्यावर एकाच ओळीत आले : ‘शेवटची बाकी १७३६ — मूळ’. भिंतीवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा तोच, आणि शेजारी निकाल मात्र उलटा.

काल रात्री हौसेने शेवटची बाकी दशमान पद्धतीत छापायची सोय केली होती. छापण्यासाठी संख्येला पुन्हा पुन्हा १० ने भागून एकेक अंक काढावा लागतो, आणि मी ते भागाकार मूळ खणांवरच करत होते. शेवटचा अंक छापून होईपर्यंत खण रिकामे होत, आणि त्यानंतर येणाऱ्या ओळीत ‘बाकी शून्य आहे का?’ असे विचारले जाई. शून्य असणारच! म्हणजे ६१, ८९ आणि १०७ चे कालचे तिन्ही निकाल माझ्या छपाईने दिलेले होते, कसोटीने नव्हे. छपाईला खणांची प्रत देऊन सर्व पुन्हा चालवले. ११ आणि ६७ संयुक्त, ६१, ८९, १०७ मूळ. ६७ साठी आणखी एक पडताळणी केली : फ्रँक नेल्सन कोल याने १९०३ मध्ये सादर केलेले अवयव १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ माझ्याच गुणाकारात घातले आणि १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आले, म्हणजे बरोबर २^६७ − १.

१९ जानेवारी

कालच्या प्रकारानंतर शून्यावरचा माझा भरवसा उडाला आहे. शून्य ही बाकी बिघाडातूनही सहज येते : रिकामा खण, न भरलेली जागा, पुसलेली संख्या, सगळे शून्यच दिसते. तेव्हा शून्याच्या आधीची बाकी पाहायची असे ठरवले, आणि संपूर्ण कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट तिथे मिळाली.

शेवटी शून्य येते याचा अर्थ आधीच्या बाकीचा वर्ग २ येतो. आता २^p ची बाकी १ असल्यामुळे २^(p+१) ची बाकी २, म्हणजे २ चे एक वर्गमूळ २^((p+१)/२) हे आपल्याला आयते माहीत आहे. भाजक मूळ असेल तर २ ला दोनच वर्गमुळे असतात, हे आणि याचे ऋण रूप. म्हणून शेवटून दुसरी बाकी या दोहोंपैकीच एक असली पाहिजे. p = ५ ला ती ८ येते, ०१०००. p = ७ ला १११ आली होती, म्हणजे −१६. सात बिटांत लिहिली तर ११०११११. एका जागेचा बिट इतर सर्वांपेक्षा वेगळा, आणि ती जागा उजवीकडून (p+३)/२ वी. शून्यांच्या रांगेत एकटा १, किंवा १ च्या रांगेत एकटे शून्य.

अशी बाकी बिघाडातून चुकून उमटणे जवळपास अशक्य आहे. प्रोग्रॅम आता निकाल देण्याआधी ही बाकी द्विमान पद्धतीत छापतो (प्रतीवरून!) आणि मी ती डोळ्यांनी पाहते. १९, ३१, ६१, ८९, १०७ या सर्वांना वेगळा बिट ठरल्या जागी आला. ६७ च्या त्या ओळीत असा काही आकार दिसत नाही.

२१ जानेवारी

p = १२७. १२५ पायऱ्या. कळ दाबली आणि बोट उचलेपर्यंत उत्तर आले होते. शेवटची बाकी शून्य. तिच्या आधीच्या ओळीत १२६ बिट एकसारखे आणि उजवीकडून ६५ वा तेवढा वेगळा. मग सुरुवात ३ ठेवून पुन्हा चालवले, कारण इथे तीही चालते. मधल्या बाक्या पूर्ण वेगळ्या, शेवटी तीच खूण.

सतरा दिवसांत सुमारे ३५ तास गेले, त्यांपैकी प्रत्यक्ष संगणनाचा वेळ मोजण्यासारखा नाही.

२५ जानेवारी

दोन दिवस एक खटाटोप केला, ज्याची गरज नव्हती. ल्युकाने ही आकडेमोड द्विमान पद्धतीत, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर करण्याची रीत सांगितली होती. तिची एक पायरी हाताने करून पाहावी म्हणून चौकटीचे कागद जोडून १२७ स्तंभ आखले. सुरुवात ३ ची घेतली : ३, ७, ४७, २२०७, ४८७०८४७, २३७२५१५०४९७४०७, आणि सहाव्या पायरीला ५६२८८२७६६१२४६११६१९५१३७२३६४७. ही संख्या ८९ बिटांची. घडी घालण्याची वेळ सातव्या पायरीला पहिल्यांदा येते, म्हणून तीच निवडली.

रीत देखणी आहे. संख्येतल्या प्रत्येक १ साठी एक ओळ लिहायची, आणि ती ओळ म्हणजे तीच संख्या तितक्या घरांनी डावीकडे सरकवलेली. डावीकडून बाहेर पडणारा बिट उजवीकडून आत येतो. घडी वेगळी घालावी लागतच नाही, ती सरकवण्यातच होऊन जाते. मग प्रत्येक स्तंभातले १ मोजायचे आणि हातचे डावीकडे न्यायचे.

साडेचार तास लागले आणि उत्तर प्रोग्रॅमशी जुळले नाही. फरक अगदी लहान संख्येचा होता. ती संख्या मला कागदावरच दिसली : १२७ व्या स्तंभातून निघालेला हातचा मी डाव्या समासात लिहून ठेवला होता आणि तिथेच विसरले होते. ओळींचे बिट जसे फिरून उजवीकडे येतात, तसा हातचाही पहिल्या स्तंभात आणायला हवा. तो आणल्यावर १२७ च्या १२७ घरे जुळली.

पहिल्या सहा पायऱ्या किरकोळ आहेत. उरलेल्या ११९ पायऱ्या याच गतीने करायच्या तर ५३५ तास, तेही एकही घर न चुकता, आणि ताडून पाहायला शेजारी प्रोग्रॅम नसताना.

२८ जानेवारी

२^१२७ − १ मधून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येचे अवयव तपासले. २^१२७ − २ म्हणजे दोन गुणिले (२^६३ − १) गुणिले (२^६३ + १), आणि पूर्ण मांडणी अशी :

२ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९

गुणाकार माझ्या खणांमध्ये करून पाहिला, शेवटच्या अंकापर्यंत जुळला. सर्वांत मोठा अवयव मूळ आहे हेही पाहिले. त्याचे वर्गमूळ २,७७,७७४ च्या आसपास आहे, आणि तो २^६३ + १ चा विभाजक असल्यामुळे ३, १९, ४३ व ५४१९ ने भागून पाहिल्यावर केवळ १२६k + १ या रूपाचे उमेदवार उरतात, ते २,२०४. क्षणाचे काम.

३० जानेवारी

शेवटचा प्रयोग वर्गमुळांचा. भाजकाला ४ ने भागून बाकी ३ असली की ज्या बाकीला वर्गमूळ आहे तिचे वर्गमूळ (भाजक + १)/४ या घाताने मिळते. इथे तो घात नेमका २^१२५ आहे, म्हणजे संख्येचा सलग १२५ वेळा वर्ग करत गेले की हाती तिचे वर्गमूळ लागते. वर्ग करत करत वर्गमुळाला पोहोचणे हे वाचून पटत नव्हते, म्हणून ४ घेतले. १२५ वर्गांनंतर २ आले.

मग ९ घेतले आणि ३ येण्याची वाट पाहिली. आले ते १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२४. आधीच्या अनुभवामुळे पुन्हा छपाईवर, हातच्यावर, घडीवर संशय घेतला आणि चाळीस मिनिटे घालवली. मग तो आकडा मूळ संख्येशेजारी मांडला : बरोबर तीनने कमी, म्हणजे −३. या रीतीने निघणारे वर्गमूळ स्वतःही कुणाचा तरी वर्ग असते. या भाजकासाठी २ हा वर्ग आहे, २^६४ चा. ३ हा कोणाचाच वर्ग नाही, आणि −१ ही नाही, त्यामुळे दोघांचा गुणाकार −३ मात्र वर्ग आहे. प्रोग्रॅममध्ये काही बदलावे लागले नाही.